न मागितलेलं पाणी

माझी भावजय सनाए लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा इतकी बोलायची की आमची आई कंटाळून म्हणाली, "हिला हौदावर धाडा. मासे तरी हिचं ऐकून घेतील."

हौद आमचेच. समुद्राला लागून, दगडी. माशांचा एक थर, मिठाचा एक थर, वर रणरणतं ऊन. लांब दांड्यानं ढवळत राहायचं, रस सुटला की गाळून घड्यांत भरायचा. माझा धाकटा भाऊ इद्दिबल हे काम तोंड मिटून करायचा. सनाए शिव्या देत करायची. प्रार्थना आम्ही लॅटिनमध्ये करतो, पण शिवी द्यायची वेळ आली की सगळे जुन्या प्युनिक बोलीवर येतात, आणि तिच्याकडे त्या बोलीचा साठा मोठा होता. खेचराला वेगळी, माश्यांना वेगळी, सासूनं हाक मारली की पुटपुटायची ती आणखी वेगळी. मी शेजारच्याच घरात दिलेली. वडिलांनी मला गुरुजींकडे पाठवून व्याकरण शिकवलं होतं, म्हणून ती मला चिडवायची, "वन्सं, एवढ्या शिवीचं लॅटिन करून द्या बघू."

तिला मूल होत नव्हतं. वर्षं गेली. आमच्या गावाबाहेर हुतात्म्याचं थडगं आहे आणि त्याच्याभोवती आमच्या सगळ्यांची माणसं पुरलेली. वडिलांच्या थडग्यावर दगडी मेज आहे, मधोमध खळगा. सणाला तिथंच बसून जेवायचं आणि वडिलांच्या वाट्याची वाइन खळग्यात ओतायची. सनाए दर वेळी स्वतःच्या वाट्याची लापशीही हुतात्म्यापुढे ठेवून यायची. बायका तिची समजूत घालायच्या, "देवाच्या मनात असेल तर होईल गं."

"देवाच्या मनात, देवाच्या मनात!" ती घरी येऊन भांडी आपटायची. "माझ्या मनाला काही किंमत आहे की नाही? की मी म्हणजे नुसता हौद, वरून पडेल ते घ्यायचं?"

आमचे धर्मगुरू स्पेसिंदेओबाबा हेच ऐकवायचे, फक्त जास्त गोड करून. माणूस आदामाबरोबरच पापात पडला, आता त्याला स्वतःहून उठता येत नाही, देवानं हात दिला तरच उभा राहील. सनाए ऐकायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "बाबांनी आज पुन्हा मला पाडलं."

रोम लुटलं गेलं त्यानंतर तिकडची माणसं जहाजं भरभरून आमच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांतले एक अमांतियस. पन्नाशी ओलांडलेले, धिप्पाड, आवाज मात्र मऊ. मोठमोठ्या घरांतल्या बायकांना त्यांनी धर्म शिकवलेला. आता अंगावरच्या कपड्यानिशी आलेले. आमच्या घराची माडी रिकामी होती, इद्दिबलनं ती त्यांना दिली. मसूर खायचे, पाणी प्यायचे. माशाचा रस त्यांनी पहिल्या दिवशी जिभेला लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. सनाए म्हणाली, "रडू नका गुरुजी, सवय होते. मलाही सासूची झाली."

ते हसले. रोम सोडल्यापासून पहिल्यांदा हसलो, असं म्हणाले.

त्यानंतर ती ढवळायची आणि ते सावलीत बसून बोलायचे. देवानं आज्ञा दिली याचाच अर्थ ती पाळायची ताकदही दिली. लंगड्याला धाव म्हणणारा धनी दुष्टच म्हणायचा. देव तसा नाही. "पोरी, तुला चांगलं व्हायचं असेल तर तुला चांगलं होता येतं. कुणाची वाट बघायची गरज नाही."

हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते अंगाला लावूनच घेतलं. आधी शिव्या सोडल्या. खेचर बिचारं गोंधळलं, शिवीशिवाय चालेनाच. मग थडग्यावरच्या सणात वाइनचा दुसरा पेला घेणं सोडलं. आईच्या शेवटच्या आजारपणात तिचं सगळं अंथरुणात केलं, कपाळाला आठी न घालता. आई मरताना मला म्हणाली, "ही बदलली. कोणी बदललं?" सनाए दारात उभी होती. म्हणाली, "मीच, आत्याबाई." त्या वेळी तिच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आणि मग तिला दिवस गेले. मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, मिग्गिन.

आमच्यात मूल झालं की बाबा त्याच्या कपाळावर क्रूस काढतात आणि जिभेवर मिठाचा कण ठेवतात. तेवढ्यानं ते चर्चचं होतं, पण उंबऱ्यावरचं. बाप्तिस्म्याचं पाणी पुढे. मीठवाल्यांनी प्रवचन ऐकायचं आणि बाहेर पडायचं. मग दार लागतं आणि आत पाणीवाले पवित्र भाकरीला बसतात. कित्येक जण पाणी म्हातारपणापर्यंत लांबवतात, कारण एकदा धुतल्यावर पुन्हा मळलं तर ते डाग सहज निघत नाहीत. सनाए, इद्दिबल, दोघंही तोवर मीठवालेच.

माझी मुलं जन्मल्या आठवड्यातच मी पाण्याखालून काढली होती. मला धीर नसतो. रात्री उठून मी त्यांच्या नाकाशी बोट धरायचे, आता नातवंडांच्या धरते. मिग्गिनला मीठ मिळालं त्याच दिवशी मी म्हटलं, "सनाए, पाणीही उरकून घे."

"उरकून?" ती म्हणाली. "वन्सं, पाणी म्हणजे काय धुणं आहे?"

अमांतियस माडीच्या जिन्यावर बसले होते. म्हणाले, "ताई, या बाळानं कुणाचं काय वाईट केलंय? आदामाचं आदाम बघून घेईल. पाणी जरूर द्या, पण भीतीनं कशाला? आनंदानं द्या."

सनाएनं सगळं ठरवून टाकलं होतं. येत्या ईस्टरला ती स्वतः पाणी घेणार होती. आई आणि मूल एकत्र, पांढऱ्या कपड्यांत, तो तिच्या कडेवर. कुणी ढकललं म्हणून नाही, मरणाच्या भीतीनं नाही. स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरून. उपवासकाळ सुरू झाला तसं तिनं बाबांकडे नाव दिलं. विश्वासाची वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवायची असतात. ती हौदावर मनातल्या मनात घोकायची, ओठ हलायचे आणि दांडा त्याच तालावर फिरायचा.

ईस्टर जवळ आला होता. एका सकाळी मिग्गिन तापला. इद्दिबल घडे घेऊन बंदरावर गेला होता आणि माझ्या घरी धाकटीला गोवर, मी तिच्या उशाशी. सनाएनं मुलाला शालीत गुंडाळलं, चर्चकडे निघाली. अमांतियस दारात होते. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"दात येताहेत पोराला," ते म्हणाले. "घाबरून पळत गेलीस तर तुझा आजवरचा सगळा प्रवास वाया. भीतीनं घेतलेलं पाणी कसलं? बस. ओलं फडकं ठेव."

ती बसली. ओलं फडकं ठेवलं. दुपारी पोरानं डोळे फिरवले तेव्हा ती उठून धावली. मी गल्लीतून तिचं ओरडणं ऐकलं आणि मागे धावले. चर्चच्या पायऱ्यांवर ती बसलेली होती, मांडीवर तो. आतून बाबा पाण्याचं भांडं घेऊन आले, वाकले, आणि मग हळूच ते भांडं खाली ठेवलं.

आमच्याकडे तान्ह्या मुलांना घड्यात घालून पुरतात. इद्दिबलनं आपल्याच हौदावरचा एक नवा घडा घेतला, त्याची मान करवतीनं कापली. कापताना एकदाही वर बघितलं नाही. वडिलांच्या दगडी मेजाखाली, हुतात्म्यापासून हाकेच्या अंतरावर, आम्ही त्याला ठेवलं. निदान आजोबांच्या कुशीत आहे, असं सनाए म्हणाली. तेवढंच काय ते बोलली. ईस्टरला तिनं पाणी घेतलं नाही.

सण झाला आणि शेजारच्या थडग्यात जिचा नवरा आहे त्या एका विधवेनं तक्रार केली. धुतलेल्यांच्या मधे न धुतलेलं पोर पुरलंय म्हणाली. बाबांना यावं लागलं.

ते दुष्ट नव्हते. ओट्यावर बसले आणि बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. "मीठ मिळालं होतं गं त्याला," शेवटी म्हणाले. "पाणी नाही. तिथं ठेवता येत नाही मला."

"मग तो कुठं आहे आत्ता?" सनाएनं विचारलं. "मातीत कुठं ते नाही विचारत. तो कुठं आहे?"

बाबा म्हणाले, "सगळ्यात सौम्य शिक्षेत."

"काय केलं होतं त्यानं?"

ते पुन्हा टोपी फिरवू लागले.

मी मधे पडले. म्हटलं, बाबा, ती सकाळीच निघाली होती, तिला अडवलं गेलं. पोर गेलं त्याच रात्री सनाएनं मला सगळं सांगितलं होतं. बाबा चटकन ताठ बसले. मूल पाण्याच्या वाटेवर होतं आणि दुसऱ्या कुणी आडवा हात घातला, असं असेल तर त्यांना बिशपांपुढे जाता येणार होतं. घडा जिथं आहे तिथं राहू द्या, असं म्हणता येणार होतं. "पण ज्यानं अडवलं त्यानं स्वतः उभं राहून सांगायला हवं. आईच्या शब्दावर नाही चालणार."

सनाएच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "गुरुजी सांगतील," ती म्हणाली. "ते खोटं बोलत नाहीत."

ते सोपं नव्हतं, हे मला कळत होतं. कार्थेजला बिशप जमले होते आणि त्यांचा निर्णय नुकताच सगळीकडे वाचून दाखवला गेला होता. तान्ह्या मुलांवर आदामाचं पाप नसतं असं जो म्हणेल तो आपला नव्हे. मागोमाग सम्राटाचा हुकूम येणार, अशा लोकांना हाकलणार, असं बंदरावर बोललं जात होतं. अमांतियस खरं बोलले तर स्वतःलाच गुंतवून घेणार होते. मी सनाएला तसं म्हटलंही.

"वन्सं, तुम्ही शिकलात पण माणूस नाही ओळखलात," ती म्हणाली. "त्यांनी मला काय शिकवलं? जे करायला हवं ते करता येतं."

रविवारी प्रवचनानंतर बाबांनी दार लावलं नाही. मीठवाले, पाणीवाले, सगळे उभे. अमांतियसना पुढे बोलावलं. ते आले, नेहमीसारखे शांत, हात पुढे जोडून.

"लहान मुलांना पाणी देऊ नये असं तुम्ही कधी म्हणालात?"

"कधीच नाही. द्यावं असंच म्हणत आलो. साक्षीदार हवेत तेवढे आहेत."

हे खरंच होतं. मी स्वतः ऐकलं होतं.

"त्या सकाळी ही आई मुलाला घेऊन निघाली होती?"

अमांतियसनी सनाएकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघून मान हलवत होती, धीर देत होती, जशी पाठांतर अडलेल्या पोराला आई देते.

"तिच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू?" ते म्हणाले. "मी पाहुणा. मी माझं मत सांगितलं असेल, नसेल. पण कुणाच्या इच्छेवर माझा ताबा नाही. माणूस मोकळा आहे, मी नेहमी हेच सांगतो. ती थांबली असेल तर ती तिच्या मनानं थांबली."

सनाएची मान तशीच हलत राहिली, मग थांबली.

बाबांनी त्यांना आणखी विचारलं, खोदून विचारलं, पण ते त्याच एका वाक्यावर परत येत राहिले. शेवटी बाबाच थकले. "मग माझ्याही हातात काही नाही," असं म्हणाले. त्या दिवशी कुणाच्याच हातात काही नव्हतं.

घडा तिनं स्वतः काढला. इद्दिबलला हात लावू दिला नाही. थडग्यांच्या भिंतीपलीकडे उतारावर, रानबडीशेप माजते तिथं, खड्डा केला. परत आली, हात न धुता माडी चढली. मी मागोमाग गेले. ती काय करील याची मला खात्री नव्हती.

अमांतियस गाठोडं बांधत होते. सिसिलीला जाणारं जहाज दोन दिवसांत सुटणार होतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "एवढंच विचारते. का?"

ते खाटेवर बसले. म्हातारे दिसायला लागले एकदम. "पोरी, मी एकदा सगळं गमावून पळालोय. पुन्हा पळायची ताकद नाही उरली. मला बोलायचं होतं. तोंडातून शब्द निघेना. माझ्यात बळ नव्हतं."

"असं नका म्हणू."

"खरं सांगतो. नव्हतं."

"नव्हतं म्हणू नका!" ती ओरडली. इतक्या दिवसांनी तिचा जुना आवाज निघाला. "बाबांनी म्हटलं तर चालेल, माणसात बळ नसतं म्हणून. तुम्ही नाही म्हणायचं. तुमच्यात होतं. माझ्यात होतं तर तुमच्यातही होतं. तुम्ही नाही बोललात. तुम्हाला बोलता येत होतं आणि तुम्ही नाही बोललात. तेवढं तरी माझ्यासमोर कबूल करा."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिनं एक प्युनिक शिवी दिली, मी पूर्वी न ऐकलेली, आणि खाली आली.

पुढची वर्षं ती हौदावरच राबली. दुसरं मूल झालं नाही. दर उपवासकाळात बाबा विचारायचे, "सनाए, यंदा नाव देतेस?" ती म्हणायची, "दिलं होतं एकदा." दर रविवारी चर्चला यायची, प्रवचन ऐकायची, आणि पोरंसोरं, नवखे, परगावचे व्यापारी यांच्याबरोबर बाहेर पडायची. इद्दिबलनं पाणी घेतलं, तो आत राहायचा. मी तिला एकदा म्हटलं, किती दिवस अशी उंबऱ्यावर? आम्ही अंगणात माशांची आतडी काढत होतो. तिनं सुरी खाली ठेवली.

"वन्सं, तुमची सगळी आत आहेत. माझा एकच आहे आणि तो बाहेर आहे. मी आत येऊन काय करू? मला जिथं तो आहे तिथंच जायचंय. आगीत तर आगीत. सौम्य असते म्हणतात."

मी तिला सांगितलं असं बोलू नये. तिनं मला विचारलं, "तुमच्या धाकटीचं असं झालं असतं तर?" मी पुन्हा आतडी काढायला लागले.

गेल्या पावसाळ्यापूर्वी ती आजारी पडली. ताप उतरेना, मग शुद्ध गेली. मी दिवसभर तिच्याजवळ होते. संध्याकाळी नातवंडांना जेवू घालायला घरी गेले तेवढ्यात इद्दिबल बाबांना घेऊन आला. बाबा आता काठीशिवाय चालत नाहीत. शुद्ध हरपलेल्या मीठवाल्याला मरणाच्या दारात पाणी देतात, ही आमच्याकडची रीतच आहे. इद्दिबल मला नंतर म्हणाला की बाबांनी त्याला विचारलं, हिची तयारी आहे का? तो म्हणाला, नाही. बाबा म्हणाले, "तिनं एकदा नाव दिलं होतं. स्वतः येऊन. तेवढं मला पुरे." आणि पाणी घातलं.

दोन दिवसांनी तिचा ताप उतरला.

सगळं गाव म्हणालं, बघा, कृपा. इद्दिबल तर रडत होता आनंदानं. खाटेशी बसून त्यानं तिला सांगितलं. मी तिथंच होते, तिच्या हातात पेजेचा वाडगा देत होते.

तिनं आधी केसांना हात लावला, जसे ते अजून ओले असतील. "कुणी?" तिनं विचारलं.

"बाबांनी. मी बोलावलं."

"तुला माहीत होतं मी कुठं जायचं ठरवलंय."

"माहीत होतं म्हणूनच," इद्दिबल म्हणाला. "तुला तिकडं जाऊ देऊ? मी माणूस आहे की कोण? एक गेलं. दुसरं मी कसं जाऊ देऊ सनाए?"

"विचारायचं होतंस."

"तू शुद्धीवर नव्हतीस."

"मग थांबायचं होतंस," ती म्हणाली. "त्या माणसानं मला थांबवलं तेव्हा मी थांबले. तुला थांबता आलं नाही?"

तिच्या जागी मी असते तर मला पाणी हवं असतं. त्याच्या जागी असते तर मीही घातलं असतं. दोन्ही खरं आहे आणि त्यानं काही सुटत नाही.

आता ती हिंडतेफिरते. रविवारी प्रवचन संपलं की उठते आणि मीठवाल्यांच्या रांगेत दाराकडे चालू लागते. दारावरचा तरुण सेवक तिला दर वेळी अडवतो, "आजी, तुम्ही आत. तुमचं झालंय." ती त्याला बाजूला करून बाहेर पडते. तिथून भिंतीपलीकडे जाते आणि दार उघडेपर्यंत उतारावर बसते. एकदा मी तिच्याबरोबर गेले. मला वाटलं होतं ती त्याच्याशी बोलत असेल. ती बोलत नव्हती. मी शेजारी बसले तशी म्हणाली, "पूर्वी मी त्याला सांगायची, थांब, येते. आता काय सांगू?"

इद्दिबलचा स्वयंपाक ती करते, त्याचे कपडे धुते. पण त्या दिवसानंतर त्याच्याशी ती अजून एक शब्द बोललेली नाही. तो रोज हौदावरून येताना माझ्या दारात थांबतो आणि विचारतो, "ताई, काही म्हणाली?"

मी सांगते, "नाही रे."